पुसा म्हटले की पुसा: लोकांच्या लेखनावर चालणाऱ्या संकेतस्थळांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
सदस्यांच्या लेखनावर चालणाऱ्या सर्व संकेतस्थळांचे व ॲपचे संचालक, संपादक मंडळी आणि तांत्रिक काम पाहणारे

विषय: सदस्याने स्वतःचे लेखन व वैयक्तिक माहिती काढून टाकण्यास सांगितल्यास ती खरोखर काढण्याबाबत

स. न. वि. वि.

"माझे इथले सगळे लेखन काढून टाका" अशी मेल सदस्याकडून आली की बहुतेक ठिकाणांहून एक ठरलेले उत्तर जाते: आपले खाते बंद केले आहे, धाग्यांचा (एका विषयाखालच्या पोस्टी आणि प्रतिसादांच्या मालिकांचा) ओघ तुटू नये म्हणून लेखन तसेच ठेवले आहे, त्यावरचे आपले नाव मात्र काढले आहे. उत्तर सभ्य असते आणि बहुधा चांगल्या हेतूनेच दिलेले असते. पण जे मागितले होते ते यात झालेले नाही. आपण सही खोडली आणि कागद भिंतीवर तसाच ठेवला. त्या कागदावर काय लिहिले आहे हे कुणी वाचून पाहिले नाही.

एका उदाहरणाने बोलू. सात वर्षांपूर्वीचा एक प्रतिसाद आहे असे समजा: "मी ३४ वर्षांची. शाळेत गणित शिकवते. नवरा बोटीवर असतो, सहा-सहा महिने घरी नसतो. धाकट्याला जन्मापासून ऐकू येत नाही. दोन वर्षे नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत आणि घरी कुणालाच हे माहीत नाही." तिने मदत मागितली, धाग्यावर तिला ती मिळाली. आज तिला ते लेखन तिथे नको आहे. आपण तिचे नाव काढून 'माजी सदस्य ४१२' असे केले. आता तिच्याच शाळेतल्या एखाद्या शिक्षकाने हा प्रतिसाद वाचला तर ती कोण हे ओळखायला त्याला नावाची गरज पडेल का? यातला एकेक तपशील हजारो जणींना लागू पडतो. चार तपशील एकत्र आले की ती एकटीच उरते.

शिवाय 'माजी सदस्य ४१२' हा क्रमांक तिच्या सहाशे प्रतिसादांवर सारखाच असतो, आणि खरी मेख इथे आहे. एकात गावाचा उल्लेख, दुसऱ्यात मुलाच्या शाळेचा, तिसऱ्यात घरासमोर काढलेला फोटो. क्रमांक हे सगळे एका दोरीत ओवून वाचणाऱ्याच्या हातात देतो. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी तिच्या शोधयंत्रावर घेतलेले दोन कोटींच्या आसपास शोध संशोधनासाठी खुले केले, तेव्हा नेमके हेच झाले. नावे काढून प्रत्येकाला क्रमांक दिला होता. न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी ४४१७७४९ या क्रमांकाखालचे शोध एकापाठोपाठ एक वाचले आणि काही दिवसांत त्या व्यक्तीच्या दारात जाऊन उभे राहिले. त्याआधी २००० साली लतान्या स्वीनी या अमेरिकी संशोधिकेने दाखवून दिले होते की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी टपाल क्रमांक एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के लोकसंख्या एकमेवपणे ओळखता येण्याची शक्यता आहे. सदस्य आपल्या प्रतिसादांत याच्या दसपट माहिती सहज लिहून जातात. नाव झाकून काम भागते हा समज त्यामुळे कधीच मोडीत निघायला हवा होता.

कायदाही याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. माहिती निनावी झाली असे म्हणायचे तर वाजवी प्रयत्नांनी ती व्यक्ती कुणालाही ओळखता येता कामा नये, असे त्याच्या प्रस्तावनेतला २६ वा परिच्छेद सांगतो. एक टोपणनाव काढून त्या जागी दुसरे टोपणनाव किंवा क्रमांक लावला तर ती माहिती वैयक्तिकच राहते. मुदत मागणी मिळाल्यापासून एक महिन्याची. काम गुंतागुंतीचे असेल तर आणखी दोन महिने मिळतात, पण ते का हवेत हे पहिल्या महिन्यातच कळवावे लागते. नकार द्यायचा तर तोही महिन्याच्या आत, कारणासह आणि तक्रार कुठे करता येईल हे सांगून. सदस्यांच्या हक्कांचे उल्लंघन झाले तर दंडाची कमाल मर्यादा २ कोटी युरो किंवा जागतिक वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांतली मोठी रक्कम. २०२५ मध्ये युरोपीय माहिती संरक्षण मंडळाने देशोदेशीच्या नियामकांना घेऊन याच एका हक्काची संयुक्त तपासणी हाती घेतली. पुसण्याच्या मागण्या धूळ खात पडतात हे नियामकांच्याही नजरेतून सुटलेले नाही.

हक्क बिनशर्त नाही, हेही मान्य. अभिव्यक्तीचे आणि माहितीचे स्वातंत्र्य, कायद्याने घातलेली बंधने, सार्वजनिक हिताचा संग्रह आणि संशोधन, न्यायालयीन दावे, या कारणांसाठी माहिती राखता येते. पण 'धागा सलग वाचता यावा' असे स्वतंत्र कारण त्या यादीत नाही. माहितीच्या स्वातंत्र्याचा आधार घ्यायचा असेल तर तो त्या-त्या लेखनापुरता तपासून, दोन्ही बाजू तोलून लिहून द्यावा लागतो. सगळ्यांना एकच साचा चिकटवून ते होत नाही.

इतर ठिकाणी चित्र वेगवेगळे आहे. कॅलिफोर्नियाच्या ग्राहक गोपनीयता कायद्यात उत्तरासाठी ४५ दिवस आहेत, आणखी ४५ वाढवून मिळतात. तिथे १ जानेवारी २०१५ पासून १८ वर्षांखालील नोंदणीकृत सदस्यांना स्वतः टाकलेला मजकूर काढून घेण्याचा वेगळा हक्क आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम १२ ने दुरुस्तीचा आणि पुसण्याचा हक्क दिला आहे, पण कलम ३ मध्ये मोठी फट आहे: व्यक्तीने स्वतःच सार्वजनिक केलेल्या माहितीला तो कायदा लागू होत नाही. म्हणजे उघड्या धाग्यावर स्वतःबद्दल लिहिलेले या कायद्याच्या कक्षेबाहेर पडते. सदस्याचा ईमेल पत्ता, मोबाइल क्रमांक, आयपी पत्ता, खाजगी निरोप, न छापलेले मसुदे हे मात्र त्याने सार्वजनिक केलेले नसतात, त्यामुळे ते आतच राहतात. 'तुम्हीच तर जाहीर लिहिले होते' हे कारण पुढे करून या दुसऱ्या प्रकारच्या माहितीलाही हात न लावणे चूक आहे. आणि कायद्यात फट आहे म्हणून तिच्याआड लपावे असेही नाही. माणूस जाहीर लिहितो तेव्हा तो त्या दिवशी, त्या लोकांसमोर बोलत असतो. वीस वर्षांनंतर शोधयंत्रात नाव टाकणाऱ्या नोकरीदात्याला उद्देशून ते लिहिलेले नसते.

सदस्यत्वाच्या अटींमधला 'कायमस्वरूपी, मागे न घेता येणारा परवाना' बरेच संचालक ढाल म्हणून वापरतात. तो परवाना लेखनाच्या स्वामित्वहक्काबद्दलचा आहे. वैयक्तिक माहितीवरचा हक्क ही निराळी गोष्ट आहे, आणि एक सोडला म्हणून दुसरा सुटत नाही.

धाग्याच्या सलगतेची आपली काळजी मात्र आम्हाला खोटी वाटत नाही. मूळ प्रश्न उडाला आणि खाली चाळीस जणांची मेहनतीने लिहिलेली उत्तरे लोंबकळत राहिली, तर त्या चाळीस जणांवर अन्याय होतो. पण धाग्याची पहिली पोस्ट उडवली की सगळा धागाच उडावा, ही आपल्या सॉफ्टवेअरची रचना आहे. ती बदलता येते. पोस्टचा मजकूर काढा, लेखकाशी असलेला दुवा तोडा आणि त्या जागी 'हे लेखन लेखकाने काढून घेतले आहे' एवढी एक ओळ ठेवा. तिच्यावर क्रमांक नको आणि अवतारचित्रही नको. वेळही मिनिट-सेकंदासह न ठेवता फक्त महिना-वर्ष ठेवा. शीर्षकात वैयक्तिक तपशील असेल तर शीर्षक बदला आणि पत्त्याच्या पट्टीत दिसणारे त्याचे रूपही बदला. हे शेवटचे जवळजवळ सगळीकडे राहून जाते, आणि पोस्ट गेल्यानंतरही सगळी हकीकत लिंकमध्येच वाचता येते.

अवतरणे हे सर्वांत किचकट काम. इतरांनी तिचा मजकूर चौकटीत घेऊन खाली उत्तर लिहिलेले असते. अवतरणासोबत मूळ पोस्टचा क्रमांक साठवला असेल तर एका आज्ञेत सगळ्या चौकटी रिकाम्या करता येतात. नुसता मजकूर चिकटवला असेल तर मूळ मजकुरातले सात-आठ सलग शब्दांचे तुकडे घेऊन साऱ्या प्रतिसादांत शोध घ्यावा लागतो. दोन्ही वेळा फक्त अवतरणाला हात लावा. खालचे उत्तर ज्याचे आहे त्याचे तसेच राहू द्या. त्यातून उरते ते "ताई, तू गणित शिकवतेस ना, मग..." अशा वाक्यांचे. ते यंत्राला सापडत नाही. तिथे संपादकाने धागा एकदा वाचायला हवा. साधारण धाग्याला दहा-पंधरा मिनिटे लागतील, आणि एवढा वेळ त्या सदस्याला देणे आहे असे आम्ही मानतो.

आता सर्व्हरच्या आत जाऊ, कारण चांगल्या हेतूचे संचालकही इथे फसतात. सदस्य 'डिलीट' दाबतो तेव्हा बहुतेक प्रणाली डेटाबेसमधल्या त्या पोस्टच्या ओळीवर 'उडवली' अशी खूण करतात आणि पडद्यावर दाखवणे थांबवतात. चुकून दाबले तर परत आणता यावे म्हणून ही सोय असते, आणि पंधरा-तीस दिवसांपुरती ती योग्यच आहे. पण मुदत संपल्यावर ती ओळ खरोखर काढणारे रोजचे काम अनेक ठिकाणी कुणी लिहिलेलेच नसते. खुणा केलेल्या ओळी वर्षानुवर्षे तशाच बसून राहतात आणि एखाद्या दिवशी डेटाबेस चोरीला गेला की 'उडवलेले' सगळे बाहेर येते.

ओळ काढली तरी काम संपत नाही. संपादनाचा इतिहास वेगळ्या तक्त्यात असतो, त्यात पोस्टच्या जुन्या आवृत्त्या पूर्ण मजकुरासह राहतात. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये उडवलेली ओळ व्हॅक्यूम, म्हणजे त्याची आतली साफसफाई, होईपर्यंत डिस्कवर पडून असते. इलास्टिकसर्च या शोधाच्या प्रणालीत ती नुसती खूण करून ठेवली जाते आणि साठवणुकीच्या तुकड्यांचे विलीनीकरण झाल्यावरच जाते. कॅसान्ड्रा या डेटाबेसमध्ये उडवल्याची खूण मूळ ठरावाप्रमाणे (आपण तो बदलला नसेल तर) ८,६४,००० सेकंद, म्हणजे दहा दिवस राहते. प्रणालीच्या भागांमधले निरोप काफ्का या निरोप्या सॉफ्टवेअरमधून जात असतील तर ते मूळ ठरावाप्रमाणे सात दिवस साठून असतात. या सगळ्यांत गैर काही नाही, यंत्रणा तशाच चालतात. पण त्यांची मुदत आपल्याला माहीत हवी आणि एक महिन्याच्या हिशेबात धरलेली हवी.

फोटोंचे वेगळे. पोस्ट उडते, पण चित्राची फाइल साठवणुकीत तशीच राहते आणि थेट लिंक असलेल्या कुणालाही उघडते. एका फोटोच्या तीन-चार मापांच्या छोट्या प्रती बनलेल्या असतात, त्या वेगळ्या काढाव्या लागतात. ॲमेझॉनच्या एस-थ्री या फाइल साठवण्याच्या सेवेत आवृत्त्या राखण्याची सोय चालू असेल तर साध्या डिलीटने फक्त 'उडवले' अशी खूण वर बसते. खालची फाइल जागची हलत नाही, तिची आवृत्ती नेमकी सांगून काढावी लागते. आणि मोबाइलने काढलेल्या फोटोच्या आत अक्षांश-रेखांश असू शकतात. ते चढवतानाच काढून टाका, म्हणजे पुढचा निम्मा त्रास वाचेल.

बॅकअपबद्दल नेहमी ऐकू येते की त्यातली एक ओळ काढता येत नाही. बरोबर आहे, आणि तशी अपेक्षाही नाही. अपेक्षा दोन गोष्टींची आहे. बॅकअपला ठरलेले आयुष्य असावे, समजा ३० ते ९० दिवस, आणि ते सदस्याला सांगितलेले असावे. दुसरे म्हणजे उडवलेल्या पोस्टच्या क्रमांकांची एक वही बॅकअपच्या बाहेर ठेवावी, त्यात मजकूर नको, फक्त क्रमांक आणि तारीख. जुना बॅकअप चढवायची वेळ आली तर संकेतस्थळ लोकांना उघडण्याआधी ती वही पुन्हा चालवावी. हे केले नाही तर सर्व्हर बिघडल्याच्या दुसऱ्या दिवशी उडवलेल्या पोस्टी परत उठून बसतात, आणि सदस्याला ते सहा महिन्यांनी तिसऱ्याच कुणाकडून कळते. नवीन प्रणाली बांधत असाल तर प्रत्येक सदस्याची खाजगी माहिती सांकेतिक रूपात ठेवा, तिला स्वतंत्र कूटकिल्ली द्या आणि ती किल्ली बॅकअपपासून अलग ठेवा. किल्ली नष्ट केली की सगळ्या बॅकअपमधली ती माहिती वाचण्याजोगी उरत नाही.

मग बाहेरचे जग. काढलेल्या पानाने शोधयंत्राला ४१० हा उत्तरसंकेत द्यावा, म्हणजे 'इथले कायमचे गेले'. 'हे पान उपलब्ध नाही' असे मोठ्या अक्षरांत दाखवायचे आणि आतून २०० म्हणजे 'सर्व ठीक' असा संकेत पाठवायचा, ही चूक जागोजागी दिसते. धागा राहणार असेल आणि त्यातला एकच प्रतिसाद गेला असेल तर पान पुन्हा वाचून घ्यायला शोधयंत्राला सांगावे लागते. आणखी एक हमखास चूक म्हणजे शोधयंत्रांनी कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या रोबोट्सच्या फाइलमध्ये त्या पानाला बंदी घालणे. बंदी घातली की क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारा शोधयंत्राचा प्रोग्राम, ते पान उघडतच नाही, त्यामुळे ते गेल्याचे त्याला कळत नाही आणि जुनी नोंद शोधात रेंगाळते. गूगलच्या काढून टाकण्याच्या साधनाने पान लगेच दिसेनासे होते, पण साधारण सहा महिन्यांपुरतेच. मूळ काम झाले नसेल तर ते परत वर येते. आपण ज्यांना सदस्यांचे लेखन अधिकृतपणे पुरवता, मग ते शोधसेवा असोत की यंत्र शिकवणाऱ्या कंपन्या, त्यांना कळवणे जीडीपीआरच्या कलम १९ प्रमाणे आपले काम आहे. अशक्य किंवा अवाजवी कष्टाचे असेल तरच त्यातून सुटका. परस्पर उचलून नेलेल्या प्रतींची हमी आपण देऊ शकत नाही, तेवढे सदस्याला सरळ सांगा.

ओळख पटवण्याच्या नावाखाली सरकारी ओळखपत्राची प्रत मागू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. ज्याने टोपणनावाने लिहिले त्याच्याकडून ते पुसण्यासाठी खरे नाव, फोटो आणि जन्मतारीख घ्यायची, म्हणजे पुसण्याच्या निमित्ताने आधी नव्हती तेवढी माहिती गोळा करायची. शिवाय ओळखपत्रावरचे नाव आणि टोपणनाव यांचा मेळ कशाशी घालणार? खात्यात प्रवेश करता येतो एवढा पुरावा पुरतो. पासवर्ड गेला असेल तर नोंदणीच्या ईमेलवर लिंक पाठवा. तो ईमेलही बंद झाला असेल तर फक्त खातेधारकालाच ठाऊक असतील अशा दोन-तीन गोष्टी विचारा: नोंदणी अंदाजे कधी केली, खाजगी निरोप कुणाशी झाले, न छापलेला मसुदा कशाबद्दल होता. उलटा धोकाही खरा आहे. रागाच्या भरात दुसऱ्याचे लेखन उडवायला बघणारे असतात. त्यासाठी जुन्या ईमेलवर सूचना पाठवून चौदा दिवस थांबा. त्या काळात लेखन लोकांपासून झाकून ठेवा, म्हणजे खऱ्या मालकाचे नुकसान होत नाही आणि तोतयाचेही फावत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या सदस्यांसाठीही थोडे. खाते आधी बंद करू नका. ते बंद झाले की आपल्याच पोस्टींवरचा ताबा जातो, आणि नंतर त्या आपल्या आहेत हे सिद्ध करत बसावे लागते. प्रथम आपल्या माहितीची प्रत मागवून घ्या, मग काढायच्या लेखनाच्या लिंकची यादी करा, ज्या प्रतिसादांत तुमचे अवतरण आहे त्यांच्याही. पोस्ट उघडून मजकुराच्या जागी नुसता ठिपका ठेवण्याची जुनी पद्धत पुरी पडत नाही, कारण मूळ मजकूर संपादनाच्या इतिहासात राहतो. मागणी लेखी करा, तारीख घाला, आणि मजकूर, जुन्या आवृत्त्या, चित्रे, अवतरणे, शोधनोंदी, बॅकअपची मुदत या सहांबद्दल वेगवेगळे उत्तर मागा. 'माझी सगळी माहिती काढा' एवढेच लिहिले तर उत्तरही तितकेच मोघम येते.

संचालकहो, बटणावरचे शब्द बदलण्यापासून सुरुवात करता येईल. 'खाते बंद करा' आणि 'माझे लेखन काढून टाका' ही दोन वेगळी बटणे ठेवा. प्रत्येकाखाली काय जाईल, काय राहील आणि किती दिवसांत, हे चार ओळींत लिहा. काही राखणे भागच असेल, जसे पैशांच्या व्यवहारांच्या नोंदी किंवा हकालपट्टी झालेल्याने परत येऊ नये म्हणून ठेवलेला ईमेलचा हॅश (पत्त्यावरून गणिताने बनवलेला संकेत), तर तेही लिहा. हॅश केला म्हणजे ईमेल निनावी झाला असे समजू नका. ज्याच्याकडे तोच पत्ता आहे त्याला तो जुळवून पाहता येतो.

आणि या महिन्यात एक चाचणी घ्या. एका चाचणी खात्यातून, जगात कुठेही नसेल असा बनवलेला शब्द घालून पोस्ट टाका. सोबत एक फोटो जोडा, पोस्ट दोनदा संपादित करा, दुसऱ्या खात्यातून तिचे अवतरण घेऊन उत्तर लिहा. ती शोधयंत्रात दिसू लागली की आपल्याच बटणाने काढा. तीस दिवसांनी तो शब्द शोधा: सगळ्या तक्त्यांत, शोधाच्या इंडेक्समध्ये, कॅशेमध्ये (वेगासाठी ठेवलेल्या तात्पुरत्या प्रतींत), सर्व्हरच्या लॉगमध्ये, पाठवलेल्या मेलच्या नोंदींत, आणि एक बॅकअप बाजूच्या यंत्रावर चढवून त्यातही. फोटोची थेट लिंक उघडून पाहा. शब्द कुठे-कुठे सापडला आणि तिथून तो कधीपर्यंत जाईल, हे आपल्या सदस्यांना जाहीर कळवा.

कळावे,

आपले,
सर्व्हर सांभाळणारे आणि माहितीच्या हक्कांचे काम करणारे काही जण